आमोण्याला राजधानी थांबते

डिचोली तालुक्यात आगगाडी नाही. खाणी आहेत, मयेचं तळं आहे, नार्व्याचा सप्तकोटेश्वर आहे, बुधवारचा बाजार आहे. रूळ मात्र औषधालासुद्धा नाही. कोकण रेल्वे पेडण्याहून गोव्यात शिरते, थिवी घेते, करमळी घेते आणि मडगावच्या वाटेला लागते. डिचोलीकडे ती ढुंकूनही बघत नाही. तरीही आमोण्यात, आमच्या काकांच्या माडीवरून, रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक गाडी सुटते. वेळेवर सुटते. उशीर होतो तो फक्त काकींच्या हाकेमुळे.

काकांचा सगळा जन्म खनिजाच्या बार्जवर गेला. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, बार्जी मांडवीत नांगरून पडल्या आणि काका बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून राहिले. पुरुष माणूस बल्कावात फार दिवस बसला की घरातल्या कामांत सूचना करायला लागतो. नारळ कसा किसावा इथपर्यंत सूचना आल्यावर काकींनी भाच्याला फोन लावला. भाचा शिकायला पुण्याला निघाला होता. जाताना त्याने आपला जुना कॉम्प्युटर माडीवर मांडून दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला : मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर, साल 2001.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात बंदूक नसते, शत्रू नसतो, कुणाला वाचवायचं नसतं. तुम्ही इंजिनात बसायचं, सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबायचं, हिरवा झाला की हलक्या हाताने गाडी काढायची, पुढच्या स्टेशनात फलाटाला नेमकी लावायची आणि माणसं चढेपर्यंत परत थांबायचं. सगळं चोख केलंत तर काहीही होत नाही. काहीही न होणं हाच विजय. काकींनी पहिल्या दिवशी पाऊण तास पाठीमागे उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "आणि खेळ कधी सुरू होणार?"

त्या पहिल्या खेळात सहा मार्ग होते : दोन अमेरिकेतले, दोन जपानमधले, एक इंग्लंडचा, एक ऑस्ट्रियाचा. भारतातला एकही नाही. त्यामुळे आमोण्याचे काका सुरुवातीला मोन्टानाच्या मारियास खिंडीतून बर्फातून मालगाड्या हाकायचे. बाहेर मे महिन्याचा उकाडा, अंगात गंजिफ्रॉक, हातात फणसाचे गरे आणि समोर बर्फ. पण गाडी हाकायचे मात्र सुरेख. भाच्याला कोडं पडलं, की जे त्याला कधी जमलं नाही ते यांना पहिल्या आठवड्यात कसं जमलं? उत्तर बार्जमध्ये होतं. खनिजाने भरलेल्या बार्जला ब्रेक नसतो. धक्का कुठे यायचा आहे ते आधीपासून ओळखून वेग मारत आणायचा असतो, आणि ओहोटी-भरतीशी हुज्जत घालायची नसते. आगगाडीचंही तेच आहे. भरली मालगाडी ब्रेक लावल्यावर लगेच उभी राहत नाही, किलोमीटरच्या हिशेबात उभी राहते. तरुण पोरं सिग्नल लाल दिसल्यावर ब्रेक लावतात. काका सिग्नल दिसायच्या आधीच साशंक असतात.

पुढे भारतातल्या हौशी पोरांनी या खेळासाठी आपली इंजिनं बनवली. आपलं डिझेल, आपले निळे डबे, आपला भोंगा. ती भाच्याने आणून दिली, आणि सोबत मार्ग घालायचं साधनही दाखवलं. या खेळाबरोबर एक संपादक येत असे : त्यात डोंगर उठवता येतात, नदी सोडता येते आणि रूळ टाकता येतात. ज्या माणसाच्या तालुक्याला रेल्वेने कधी हात लावला नाही त्याच्या हातात कुणी असं साधन देऊ नये.

जुन्या वाचकांना आठवत असेल, नव्वदच्या दशकात गोव्यात कोकण रेल्वेच्या मार्गावरून मोठं आंदोलन झालं. रूळ किनारपट्टीच्या खाजन शेतीतून नको, आतल्या भागातून न्या, अशी मागणी होती. 1993 साली केंद्राने गोव्यातलं काही काम थांबवून न्यायमूर्ती ओझांची चौकशी नेमली. शेवटी मार्ग बहुतेक होता तोच राहिला. पेडण्याच्या बोगद्याने तर सगळ्यांचा अंत पाहिला. जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा, पण मऊ माती पुनःपुन्हा ढासळायची. तो झाला तेव्हा कुठे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण रेल्वे खुली झाली.

काकांनी हा सगळा इतिहास माडीवर बसून दुरुस्त केला. त्यांची कोकण रेल्वे थिवीहून डावीकडे वळते, डिचोलीला येते, आमोण्याला येते, मांडवी ओलांडते आणि मग करमळीला मूळ रुळाला मिळते. पेडण्याचा बोगदा त्यांनी एका दुपारी, जेवण आणि वामकुक्षी यांच्या मध्ये खणला. भूसंपादनाला विरोध फक्त काकींचा झाला. स्टेशन त्यांच्या माहेरच्या कुळागरातून गेलं होतं.

खरी गंमत पुलाची. मांडवीवरचा पूल काकांनी भलता उंच बांधला. का, तर खालून भरतीच्या वेळी बार्ज गेली पाहिजे. बार्ज त्या खेळात नव्हतीच, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. पूल उंच झाल्यामुळे आमोण्याहून पुलावर चढणारा रूळ घाटासारखा उभा झाला. कोकण रेल्वेचा चढ साधारणपणे 150 मीटरला एक मीटर याहून जास्त नाही. कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारा ब्रागांझा घाट 37 मीटरला एक मीटर आहे. काकांचा पूल या दुसऱ्या जातकुळीतला. तो चढायचा तर मागून ढकलायला जादा इंजिन हवं, ज्याला रेल्वेत बँकर म्हणतात. आणि बँकर जोडायचा तर गाडी थांबायला हवी. कर्जतला गाड्या थांबतात त्या कर्जतवरच्या प्रेमापोटी नव्हे; पुढे बोरघाट आहे म्हणून. त्याच न्यायाने काकांच्या कोकण रेल्वेवर प्रत्येक गाडीला आमोण्याला थांबणं भाग पडलं. मांडवी एक्स्प्रेस थांबते, मंगला थांबते, थिवीलासुद्धा नाक मुरडणारी त्रिवेंद्रम राजधानी आमोण्याला मुकाट्याने चांगली दहा मिनिटं थांबते. या थांब्यासाठी ना कुणाला निवेदन द्यावं लागलं, ना आमदारांच्या मागे लागावं लागलं. एक पूल उंच बांधला, बस्स.

अशी सगळी व्यवस्था सुखाने चालली असताना भाचा पुण्याहून गणपतीच्या चवथीला आला. आता तो नोकरीला लागला होता आणि त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता आणि हातात पगार होता. हे मिश्रण घरातल्या कुठल्याही चालू वस्तूला घातक असतं. काकांचा खेळ पाहून तो हळहळला. "काका, हे काय? झाडं पुठ्ठ्याची दिसतात! आता किती पुढे गेलंय सगळं. नवी आवृत्ती घालून देतो."

नव्या आवृत्तीची जाहिरात त्याने मोबाईलवर दाखवली. काचेवर पडलेला पावसाचा थेंब ओघळतो आणि वायपर त्याला पुसतो. उन्हं उतरली की रुळावर सोनेरी चमक येते. फलाटावरच्या माणसांना चेहरे आहेत. हे शेवटचं ऐकून काका जरा बिचकले. त्यांच्या आमोणे स्टेशनावर उतारू सगळे पाठमोरे होते आणि त्यामुळे कुणाशी वैर नव्हतं.

नवी आवृत्ती एकटी येत नाही हे लग्नघरातल्या माणसांना सांगायला नको. तिला जुना कॉम्प्युटर चालेना. नव्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड हवं. कार्ड इतकं तापणारं, की त्याला स्वतःचे तीन पंखे. काकांना माडीवर एक पंखा होता तो गेली चार वर्षं खडखडत होता. कार्डाला वीज जास्त लागते म्हणून वीजपुरवठ्याचा डबा मोठा, दिवे गेले तर गाडी बोगद्यात अडकू नये म्हणून बॅटरीचा बॅकअप, आणि या सगळ्याचा भार पेलायला मेज नवं, कारण जुनं मेज गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या फळांचं वजन पेलण्यापुरतंच मजबूत होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोणक माशापासून मानकुराद आंब्यापर्यंत सगळं मिळतं, ग्राफिक्स कार्ड तेवढं मिळत नाही. त्यासाठी पणजीच्या दोन फेऱ्या झाल्या. काकींनी हिशेब केला : या पैशांत दोघं मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन, वाटेत तिच्या स्वयंपाकघरातलं यथास्थित खाऊन परत आली असती, आणि वर्षभर परत परत आली असती.

मग उतरवून घेणं सुरू झालं. खेळ साठ-सत्तर जीबीचा आणि गावातलं इंटरनेट गावाच्या स्वभावाचं. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि काका तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. खालून काकी विचारायच्या, "खंय पावली गाडी?" वरून उत्तर यायचं, "एकतीस टक्के." दुपारी पाऊस कोसळला, दिवे गेले. आल्यावर पट्टी परत सुरू झाली. संध्याकाळी परत, "खंय पावली?" "चौसष्ट." आरतीच्या वेळी नव्वद झाले होते. सत्त्याण्णववर पट्टी जी अडली ती आरती, प्रसाद, जेवणं होऊन भजनी मंडळी आली तरी हलेना. काका मात्र शांत होते. म्हणाले, "होम सिग्नलला उभी आहे. फलाट रिकामा झाला की घेतील." आयुष्यभर नदीच्या पाण्यावर विसंबलेल्या माणसाला सत्त्याण्णव टक्क्यांचं काय कौतुक.

खेळ सुरू झाला आणि खरंच सांगतो, डोळे दिपले. जर्मनीतलं स्टेशन, पहाटेचं धुकं, ओल्या फलाटात दिव्यांची प्रतिबिंबं. काकीसुद्धा पदराला हात पुसत वर आल्या आणि "काय निवळ फलाट, पिचकारी म्हणून नाही" अशी दाद देऊन गेल्या. काकांनी गाडी काढली. थोड्याच वेळात इंजिनात कुणीतरी किंचाळलं. जर्मन इंजिनात चालक जागा आहे की नाही हे पाहणारी यंत्रणा असते. दर अर्ध्या मिनिटाच्या आत एक कळ दाबून-सोडून हजेरी द्यायची; नाही दिली तर आधी दिवा, मग आरडाओरडा, मग आपणहून ब्रेक. काका गाडी हाकताना मधूनच डोळे मिटतात ही गोष्ट काकींना लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळली होती. जर्मन यंत्राने ती अर्ध्या मिनिटात पकडली.

पाऊसही लावून पाहिला. भाच्याने अभिमानाने कळ शेवटपर्यंत ओढली : मुसळधार. काका बराच वेळ काचेकडे बघत राहिले. म्हणाले, "हे शिंतोडे रे." त्यांचं बरोबर होतं. ज्या रेल्वेला पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक छापावं लागतं, 2024 पर्यंत वर्षानुवर्षं 10 जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचं, आणि जिथे पावसाने पुढचं दिसेनासं झालं की वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा हुकूम असतो, तिथल्या माणसाला युरोपातला पाऊस म्हणजे देवघरातलं तीर्थच. पेडण्याच्या बोगद्यात तर 2024 च्या जुलैत पाणी आणि चिखल आतच शिरला आणि गाड्या अडकून पडल्या. असा पाऊस बनवायला लागणारं कार्ड अजून बाजारात यायचं आहे.

दोन-तीन संध्याकाळी जर्मनी झाली. मग काकांनी सहज विचारलं, "आता आमोणे लाव."

भाचा गप्प. आमोणे लागत नव्हतं. जुन्या खेळातले मार्ग नव्या खेळात चालत नाहीत. इंजिन चालत नाही, डबे चालत नाहीत, भोंगासुद्धा चालत नाही. भारतातला एकही मार्ग त्या नव्या दुकानात नव्हता. बाकी मार्ग होते ढीगभर, एकेक वेगळा विकत घ्यायचा. या धंद्यातली खरी मेख इथे आहे : खेळ स्वस्त आणि रूळ महाग. जुन्या नावाजलेल्या सिम्युलेटरांचे सगळे जोडमार्ग आणि जोडइंजिनं कुणी हौसेने विकत घ्यायला बसलं, तर रुपयांतली रक्कम लाखांत जाते. आणि दर एक-दोन वर्षांनी आवृत्तीचा आकडा बदलला की गेल्या खेपेचं या खेपेला चालेलच अशी खात्री कुणी देत नाही.

"पण काका, झाडं बघा ना," भाचा म्हणाला.

त्यावर काकांनी जे भाषण केलं ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण त्यांच्या शब्दांतलं अर्धं बार्जवरचं होतं. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट होतं. आजही तेवढंच आहे. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण होऊन 2022 च्या जूनमध्ये त्याचं लोकार्पणही झालं. 27 जून 2023 ला मुंबई-मडगाव वंदे भारत आली. हे सगळं आलं ते त्याच मापाच्या रुळावर. वंदे भारत येणार म्हणून कुणी मांडवी एक्स्प्रेसला सांगितलं नाही, की बाई, तुझी आवृत्ती जुनी झाली, तू आता धावू नकोस.

भाचा शिकलेला. त्याने गोव्याचाच दाखला काढला. मुरगावहून कुळ्यावरून कॅसलरॉकला जाणारी लाईन पोर्तुगीज अमलात, 1880 च्या दशकात झाली ती मीटर गेज. शंभर वर्षं ती तशीच चालली आणि नव्वदच्या दशकात मोठ्या मापाची झाली, तेव्हा जुनी इंजिनं, जुने डबे सगळं बाद झालंच की! मुद्दा बिनतोड होता. काका विचारात पडले. मग म्हणाले, "झालं. पण स्टेशनं जागेवर राहिली. कुळे कुळ्यालाच आहे. तू आमोणे उचललंस."

नव्या आवृत्तीचं दुखणं इतकं नेमकं मी कुठे ऐकलं नाही. सुधारणा सगळ्यांना हवी असते, पण ती ज्याने त्याने आपल्या सोयीची केलेली असते. 2017 च्या मे महिन्यात मुंबई-करमळी तेजस एक्स्प्रेस सुरू झाली, प्रत्येक आसनामागे पडदा आणि कानाला लावायला हेडफोन. पहिल्या फेऱ्यांतच हेडफोन गायब आणि पडद्यांना चरे, अशा बातम्या आल्या. रेल्वेने गाडीची आवृत्ती बदलली होती, प्रवाशाची जुनीच राहिली होती. काचेवरचा थेंब बनवणाऱ्यांनीही असंच काहीसं केलं. त्यांना वाटलं, माणसं चित्र बघायला बसतात. काका चित्र बघायला बसतच नव्हते. ते गाडी वेळेवर आणायला बसत होते, आणि तीही आमोण्याला.

या गोष्टीला तोड निघाली, आणि ती कुठल्याही बड्या कंपनीकडून नव्हे. मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळाची दुसरी आवृत्ती काढायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा गुंडाळलं. 2009 मध्ये तर ते काम करणारा स्टुडिओच बंद झाला. तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी आपणच ओपन रेल्स नावाचं नवं इंजिन लिहायला घेतलं. 2015 साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. फुकट. त्यांनी केलं इतकंच, की जुन्या खेळातले मार्ग, डबे, सिग्नल जसेच्या तसे ठेवले आणि ते चालवणारी यंत्रणा तेवढी नवी केली. पगार न घेणाऱ्या माणसांना रेल्वेचा मूळ धडा बरोबर समजला होता : रूळ तेच ठेवा, इंजिन बदला.

भाच्याने जुन्या कॉम्प्युटरमधून काकांचा मार्ग उचलून नव्यात आणला. जुना कॉम्प्युटर तोवर भंगारवाल्याच्या नजरेला पडलेला होता. काकींनी तो दिला नव्हता तो काकांच्या प्रेमाखातर नव्हे, त्याच्यावर पापड वाळत घातले होते म्हणून. थोडी खटपट झाली. पुलाचा एक खांब हवेत तरंगायला लागला, डिचोलीचा फलाट वीतभर बुडाला. पण मार्ग चालू झाला. तीन पंख्यांचं ते तापट कार्ड आता पुठ्ठ्याची झाडं आणि पाठमोरे उतारू दाखवतं, आणि त्याचा एकही पंखा फिरत नाही. भाच्याला याचं वाईट वाटतं. काकींना वाटत नाही. विजेचं बिल कमी आलं.

तेव्हा घरात कुणी वडीलधारं माणूस एखादा जुनापुराणा खेळ, जुना रेडिओ, जुना फोन घेऊन सुखात बसलेलं दिसलं आणि तुमचा हात पगाराच्या जोरावर नव्या आवृत्तीकडे वळला, तर जरूर आणा. मात्र आधी त्यांना विचारा की यात तुमचं काय काय आहे, आणि जे सांगतील त्याची नक्कल एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून, त्यावर नाव लिहून, कपाटात ठेवा. चारशे रुपयांचं काम आहे. जुनं काढून टाकायचं बटण त्यानंतर दाबा, आणि शक्य असेल तर दाबूच नका.